इंजिन उघडलंच आहे, तर…

ज्यांच्या घरी ट्रक आहे त्यांना गॅरेजमधले एक वाक्य पाठ असते. 'इंजिन उघडलंच आहे, तर हेही करून घ्या.' उद्यमबागेत ऐका, ऑटोनगरात ऐका किंवा हुबळीच्या रस्त्यावर ऐका. कन्नड मिस्त्री तेच म्हणतो, 'हेंगू बिच्चेवी, ईग हाकिसिबिडरी.' या सल्ल्यात खोट काही नाही. एकदा खोललेले इंजिन पुन्हा खोलायचे म्हणजे दुप्पट मजुरी आणि दुप्पट खोळंबा. आपल्या आधीच्या पिढीने याच हिशेबाने गाड्या चालवल्या आणि संसारही चालवले.

पण गाडी वॉरंटीत असेल तर हिशेब बदलतो. तिथे दुरुस्तीचा खर्च कंपनी करते आणि सोबतची सुधारणा आपण आपल्या पैशाने मागतो. म्हणजे एकाच इंजिनात दोघांचा हात लागतो. पुढे काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याच दिवशी सुटलेला बरा. सहा महिन्यांनी तो सोडवायला गेलो तर उत्तर बहुतेक आपल्या विरुद्ध जाते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. इंजिनाचे शिक्षण मला नाही. पण माहेर ट्रकवाल्यांचे. गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या दहा चाकी गाडीवर हा प्रसंग आला आणि वॉरंटीची इंग्रजी पुस्तिका माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, 'आक्का, तू एकदा नीट वाचून सांग की.' त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

मायको पंपाचे दिवस

आमचे आप्पा टाटा 1210 चालवत. त्या काळात घाटात गाडी मागे पडते असे वाटले की पंपवाल्याकडे जायचे. तो मायकोचा पंप बाकावर चढवून डिझेल थोडे वाढवून द्यायचा. धूर काळा यायचा, ॲव्हरेज थोडे उतरायचे, पण गाडी ओढायची. इंजिन दणकट आणि साधे होते. बिघडले तर गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येत होते. वॉरंटी हा शब्द शोरूमच्या दारातच संपायचा.

आजची गाडी तशी नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 नियम लागू झाले. त्याआधीच्या बीएस-4 डिझेलमध्ये दहा लाख भागांत 50 भागांपर्यंत गंधक चालत असे, ते आता 10 वर आले. सिलिंडरमध्ये डिझेल किती आणि कधी सोडायचे ते ईसीयू नावाचा संगणक ठरवतो. जळालेल्या धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात घेणारी ईजीआर यंत्रणा, काजळी अडवणारा डीपीएफ आणि युरियाचे द्रावण फवारून धूर स्वच्छ करणारी एससीआर यंत्रणा मागे असते. ज्याला आपण 'युरिया' म्हणतो त्या डीईएफमध्ये 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. ती टाकी रिकामी झाली किंवा कोणी यंत्रणेत छेडछाड केली, तर ईसीयू इंजिनाची ताकद आपोआप कमी करतो. अशा गाडीत एक भाग बदलला की त्याचा परिणाम दुसऱ्या चार भागांवर होतो, आणि काय झाले याच्या बऱ्याच नोंदी ईसीयूत राहतात.

भावाची गाडी 2021 सालची. साखरेची पोती आणि फौंड्रीचे कास्टिंग घेऊन ती पुणे-मुंबईकडे जाते. कोल्हापूरहून परत येताना निपाणीनंतर स्तवनिधीच्या घाटात तापमानाचा काटा वर गेला. बाजूला घेऊन पाहिले तर पाण्याच्या टाकीत बुडबुडे. गाडी 2 लाख 30 हजार किलोमीटर चाललेली. सर्व्हिस सेंटरने निदान केले, हेड गॅस्केट गेले आहे. आमच्या पुस्तिकेप्रमाणे वॉरंटी सहा वर्षे किंवा सहा लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत. दावा मंजूर झाला. आणि मग घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला.

भाचा डिप्लोमा झालेला. 'आत्या, मॅपिंग करून घेऊया. घाटात दुसऱ्या गाड्या पुढं जातात.' ओळखीचा मिस्त्री म्हणाला, ईजीआर बंद करून टाका, सगळा त्रास तिथूनच. कोणी म्हणाले जास्त ताकदीचे क्लच घाला, कोणी म्हणाले हेडचे बोल्ट भारी घाला. आप्पांचे म्हणणे, 'होज पाइप तरी नवे घाला, जुन्याचा भरवसा नाही.'

दोन्ही भाषांतले तीन शब्द

'अपग्रेड' हा एक शब्द सगळ्या सल्ल्यांना चिकटवला की गोंधळ होतो. मला तीन शब्द उपयोगी पडले. दुरुस्ती, सुधारणा आणि बदल. गंमत म्हणजे आपल्या घरातल्या दोन्ही भाषांत ते जवळपास सारखेच आहेत. कन्नडमध्ये दुरस्ती, सुधारणे आणि बदलावणे. त्यामुळे मिस्त्रीशी, ड्रायव्हरशी आणि सर्व्हिस सेंटरच्या माणसाशी बोलताना अर्थ निसटत नाही.

दुरुस्ती म्हणजे गाडी कारखान्यातून जशी आली तशी पुन्हा करणे. वॉरंटी यासाठीच असते. मालात किंवा जोडणीत दोष निघाला तर कंपनी भाग बदलून देते. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बेल्ट, फिल्टर, रबरी होज यांची झीज त्यात साधारणपणे येत नाही. गाडी उभी राहिल्याने बुडालेले भाडेही येत नाही. आणखी एक कलम सगळ्यांनी वाचून ठेवावे. वॉरंटीत बदललेल्या भागाला बहुतेक वेळा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते. नवा भाग बसला म्हणून सहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जात नाहीत.

सुधारणा म्हणजे कंपनीने स्वतःच केलेला बदल. एखादा भाग वारंवार बिघडतो असे दिसले की कंपनी त्याची रचना किंवा धातू सुधारते आणि जुन्या क्रमांकाऐवजी नवा क्रमांक देते. आपण फक्त एवढे विचारायचे, 'या भागाचा सुधारित नंबर आला आहे का? असेल तर तोच घाला.' ही सुधारणा वॉरंटीतच होते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. पण हा प्रश्न फार थोडे मालक विचारतात. कंपनीचे ईसीयूचे सॉफ्टवेअर नवे आले असेल तर तेही याच वर्गात येते.

बदल म्हणजे कंपनीने ठरवलेली ताकद, धुराची यंत्रणा किंवा मूळ माप आपल्या मर्जीने फिरवणे. बाहेरून केलेले मॅपिंग, मोठे इंजेक्टर, वेगळा टर्बो, ईजीआर बंद करणे, एससीआरला चकवणारी पेटी लावणे, हे सगळे बदल. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा क्राऊन-पिनियन हे एका ठरावीक ताकदीच्या हिशेबाने जुळवलेले असतात. डिझेल वाढवले की सिलिंडरमधला दाब वाढतो, धुराचे तापमान वाढते, आणि जे हेड गॅस्केट आत्ताच गेले त्याच्यावरच जास्त भार येतो. म्हणजे ज्या आजारासाठी गाडी दवाखान्यात आली, त्याच आजाराला खतपाणी.

नेमके काय उघडले आहे?

'उघडलंच आहे' असे म्हणताना नेमके काय उघडले ते पाहावे. आमच्या गाडीचे हेड उतरवले होते. म्हणजे पाणी काढलेले, होज सुटलेले, थर्मोस्टॅट हाताशी, इंजेक्टर बाहेर आणि एक्झॉस्टची बाजूही मोकळी. होज, बेल्ट, कूलंट हे भाग या वेळी बदलले तर जवळजवळ फक्त मालाची किंमत पडते. आप्पांचा सल्ला म्हणून बरोबर होता.

क्लचचे तसे नाही. क्लचपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि हेड गॅस्केटच्या कामात तो उतरत नाही. म्हणजे क्लच आज घातला काय आणि चार महिन्यांनी घातला काय, मजुरी तेवढीच. उघडलेल्या इंजिनाच्या नावावर खपवलेला हा वेगळा खर्च होता. क्लच अजून धरत होता, तो आम्ही तसाच ठेवला. उलट ज्या गाडीचा गिअरबॉक्स वॉरंटीच्या कामासाठी खाली आला आहे, तिथे झिजलेली क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून घेणे शहाणपणाचे ठरेल. सल्ला एकच असतो, पण गाडीचा कोणता भाग सुटला आहे त्यावर तो बरोबर की चूक ते ठरते.

आधी कारण, मग भारी भाग

हेडचे बोल्ट भारी घालावेत का, या प्रश्नाचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेत आहे. फोर्डच्या सुपर ड्यूटी या मोठ्या पिकअप ट्रकमध्ये 2003 च्या मॉडेलपासून 6.0 लिटरचे व्ही-8 डिझेल इंजिन आले. ते इंटरनॅशनल म्हणजे नेव्हिस्टार कंपनी फोर्डला बनवून देत असे. हेड गॅस्केट जाण्यासाठी हे इंजिन बदनाम झाले. वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि नेव्हिस्टार यांच्यात 2007 मध्ये कोर्टबाजी सुरू झाली आणि 2009 मध्ये तडजोड झाली. 2008 च्या मॉडेलपासून त्या जागी 6.4 लिटरचे इंजिन आले.

वॉरंटीत हेड उतरले की तिथल्या मालकांना आपल्यासारखाच मोह होई. कंपनीचे बोल्ट आवळताना ताणले जातात, त्याऐवजी जास्त ताकदीचे स्टड आपल्या पैशाने बसवावेत का? स्टड पकड घट्ट ठेवतात हे खरे. पण अनेक गाड्यांत मूळ दुखणे दुसरीकडेच होते. ऑइल कूलरच्या बारीक वाटा गाळाने तुंबत. त्याच्यातून पुढे ईजीआर कूलरला मिळणारे पाणी कमी होई. तो कूलर तापून फुटे, पाणी सिलिंडरच्या वाटेला जाई, दाब वाढे आणि शेवटी गॅस्केट जाई. तुंबलेला ऑइल कूलर तसाच ठेवून नुसते स्टड घालणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी फरशी बसवण्यासारखे.

आपल्या गाड्यांनाही हाच नियम लागू पडतो. गॅस्केट का गेले? रेडिएटर तुंबला, पाण्याचा पंप कमजोर झाला, ईजीआर कूलर फुटला, की कूलंटऐवजी वाटेतल्या बोअरचे क्षारयुक्त पाणी भरले गेले? हेड सपाट आहे का, हे सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून पाहिले का? लायनर ब्लॉकच्या वर किती आहे ते मोजले का? बोल्ट पुन्हा वापरायचे की नवे घालायचे, याबद्दल त्या इंजिनाचे मॅन्युअल काय सांगते? हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही.

आमच्या गाडीत थर्मोस्टॅट अडकत होता. गरम पाण्यात थर्मामीटरसोबत टाकून पाहिल्यावर तो अर्धाच उघडला. कारण सापडल्यामुळे तोही वॉरंटीत बदलला गेला. गॅस्केट सुधारित क्रमांकाचे मिळाले. बोल्ट मॅन्युअलप्रमाणे नवे घातले. होज, बेल्ट आणि कूलंट आम्ही कंपनीचेच घेतले, त्याला सुमारे 14 हजार रुपये लागले. मॅपिंग आणि ईजीआर बंद करणे या दोन्हींना आम्ही नकार दिला.

भाच्याला ते पटायला वेळ लागला. त्याचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. घाटात गाडी रखडली की फेरीला उशीर होतो आणि भाडे देणारा व्यापारी दुसरीकडे वळतो. पण गाडीचा हप्ता महिना 58 हजारांचा. दुरुस्तीत नऊ दिवस गेले तर घराचे गणित किती ओढाताणीचे झाले ते त्यानेच पाहिले होते. वॉरंटी गेल्यावर हेच इंजिन पुन्हा बसले तर पूर्ण खर्च आपला. घाटात वाचणाऱ्या दहा मिनिटांसाठी एवढी जोखीम घ्यायची नाही, असे शेवटी त्यानेच म्हटले.

कायदा काय म्हणतो

वॉरंटी संपल्यावर तरी असा बदल करता येईल का? मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. धुराची यंत्रणा निकामी करणे हा केवळ कंपनीशी वाद नाही. आपल्या गाड्या एका फेरीत दोन-तीन राज्यांतून जातात. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेला बदल शोधून काढला तर दावाही अडकू शकतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बाहेरच्या गॅरेजात हात लागला एवढ्यावरून सगळी वॉरंटी गेली असे सांगणारेही भेटतात. मोटार कंपन्यांच्या सुट्या भागांबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. केवळ स्वतंत्र गॅरेजची सेवा घेतली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे त्यात म्हटले होते. ते प्रकरण मोटारींचे होते आणि पुढे अपिलात गेले. तरी त्यातला विचार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नाकारायचेच असेल तर कोणत्या बदलामुळे कोणता भाग बिघडला, हे कंपनीने सांगावे असा आग्रह आपण धरावा.

व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचे संरक्षण नाही, असे सांगून ट्रकमालकांना परत पाठवले जाते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे. पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच मानला जातो. स्वतः गाडी चालवणाऱ्या एका ट्रकच्या मालकाने हे कलम माहीत करून घ्यावे. वस्तूची दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

लिहून घ्या

या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडली ती माझी भावजय. ती गोकाकची, घरात हिशेब तिच्याकडे. 2021 पासूनचे प्रत्येक सर्व्हिसचे बिल, कूलंटच्या कॅनची पावतीसुद्धा, तिने फाइलला लावलेली. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने पहिलाच प्रश्न कूलंटचा विचारला आणि तिने पावती पुढे केली. दावा तिथेच निम्मा सुटला. पुढे आम्ही होज आणि बेल्ट आपल्या पैशाने घालायचे ठरवले, तेव्हा 'काही होणार नाही मॅडम' असे तोंडी आश्वासन मिळाले. तिने शांतपणे सांगितले, 'बरदु कोडरी.' लिहून द्या.

त्याप्रमाणे जॉब कार्डावर दोन वेगळ्या यादी झाल्या. कंपनीच्या खर्चाने काय बदलले, त्याचे क्रमांक. आमच्या खर्चाने काय बदलले, त्याचे क्रमांक. बिघाडाचे कारण काय सापडले, तेही एका ओळीत. वॉरंटीत काढलेला जुना भाग तपासणीसाठी बहुधा कंपनीकडे जातो, म्हणून तो जाण्यापूर्वी भाच्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवले. किलोमीटरचा आकडा आणि तारीख फोटोत येईल असे पाहिले.

वॉरंटीची पुस्तिका इंग्रजीत, सर्व्हिस सेंटर कन्नडमध्ये बोलणारे आणि आपला ड्रायव्हर मराठी. अशा घरांत तोंडी बोलणे तीन वळणे घेते आणि शेवटी प्रत्येकाला वेगळेच आठवते. कॉलेजात जाणारी मुले-मुली आता घरोघरी आहेत. गाडी गॅरेजला जाईल त्या दिवशी त्यांच्याकडून त्या पुस्तिकेतली दोन पाने मोठ्याने वाचून घ्यावीत. काय येते आणि काय येत नाही, या दोन यादी. मग मिस्त्रीचा सल्ला ऐकावा आणि तो दुरुस्तीचा आहे, सुधारणेचा आहे की बदलाचा, ते ठरवावे. दुरुस्ती हक्काने मागावी. सुधारणा आठवणीने विचारावी. झिजलेला भाग खरोखरच हाताशी आला असेल तर आपल्या पैशाने, कंपनीचा आणि बिलासह घालावा. बदलाचा सल्ला कितीही जवळच्या माणसाने दिला तरी गाडीचा हप्ता कोण भरते ते आठवून नाही म्हणावे.